अकरा गाद्यांचा हंगाम

दिवाळी सरली की आमच्या आर्णीत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. शिवारात कापूस फुटतो आणि गावात गाद्या फुटतात. शेतातला नवा कापूस घरी यायला लागतो, आणि घरातला जुना कापूस गादीतून निघून पिंजायला जातो. थंडी पडायच्या आत प्रत्येकाला आपापली गादी मऊ करून हवी असते. बसस्टँडमागच्या गल्लीत सलीमचं पिंजायचं यंत्र सकाळपासून घरघरत असतं. त्या गल्लीत काळ्या मिशीचा माणूस शिरला, तर पलीकडे निघतो तो पांढऱ्या मिशीचा.

यंदा आमचीही गादी पिंजायला टाकली, माझ्या लग्नाआधीची, पहिल्यांदाच. "या गादीत तुमच्या आकाराचा खड्डा पडला आहे," असं बायको तीन वर्षं सांगत होती. निवृत्त मास्तराचा कुठेतरी ठसा उमटावा अशी माझी इच्छा होतीच. तो गादीत उमटला. स्कूटरवर मागे गादी बांधून मी गल्लीत गेलो. सलीमने एका बाजूची शिवण उसवली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तो थांबला.

"मास्तर, ये अंदर क्या डाल के रखे थे?"

त्याने एक निळी वस्तू ओढून काढली. कासवाच्या पाठीएवढी, जाड, चौकोनी टाके घातलेली. दोन बाजूंना बांधायचे बंद. कापसात इतकी वर्षं राहून तिचा निळा रंग राखेसारखा झाला होता.

"काय माहीत बाप्पा," मी म्हणालो. मी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं. स्वतःचा सराव मात्र राहून गेला.

सलीम बंद उलटसुलट करून बघत होता. "टाका तो अब्बा का है," तो म्हणाला. "ये देखो, हर चौथे टाके पे उलटी गाठ. ऐसा अब्बाच मारते थे."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. ते माझं चिलखत होतं. मी कॉलेजच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होतो, आणि त्या हंगामात आमचा अख्खा संघ गाद्या घालून खेळला होता. ती कल्पना माझी होती.

*

त्या वर्षी आमच्या कॉलेजात पहिल्यांदा फुटबॉल आला. तोवर कबड्डी होती आणि पावसाळ्यात नाइलाजाने कॅरम. इतिहास शिकवणाऱ्या गावंडे सरांच्या गळ्यात खेळाचं खातं पडलं आणि त्यांनी दोन चेंडू आणि एक शिट्टी मागवली. चेंडू आले, शिट्टी आली नाही. मग सर मैदानावर प्यूनची पितळी घंटा घेऊन उभे राहायचे. फाउल झाला की घंटा. त्यामुळे आमचा खेळ सुरू असला की वर्गातली अर्धी मुलं तास संपला म्हणून बाहेर यायची.

मैदान म्हणजे कॉलेजमागची मुरमाची जागा. वर बारीक खडे, खाली मोठे खडे. बांबूचे दोन गोल. मधून शेळ्यांची जायची वाट. मी गोलकीपर झालो त्यामागे काही कौशल्य नव्हतं. संघात अकरावा माणूस लागत होता आणि मला धावलं की पोटात दुखायचं. "मुकुंदा, तू उभा राह्य," सर म्हणाले. माझी निवड एवढ्या एका वाक्यात झाली.

पण आमच्याकडे परसू होता.

परसराम राठोड. आर्णीपासून दीडेक कोसावरच्या तांड्यातला. सायकल नव्हती, म्हणून रोज पायी यायचा. आणि पायी म्हणजे धावत. त्याच्या बापाच्या शेतात रोही शिरायचे, म्हणजे नीलगाई. लहानपणापासून त्यांना हाकलायचं काम परसूचं. रोही सरळ धावत नाही, ऐन वेळी वळतो, म्हणून परसूही वळायला शिकला होता. चेंडू पायात आला की तो समोरच्याला असा चुकवायचा, की समोरचा दोन पावलं पुढे जाऊन मग मागे बघायचा. गावंडे सरांनी पहिल्याच आठवड्यात घंटा खाली ठेवली आणि म्हणाले, "हा पोट्टा विद्यापीठाच्या टीममध्ये जाते. लिहून ठेवा."

आमच्या इतिहासाच्या सरांनी भविष्य सांगितलं ते एवढंच.

अडचण एक होती. फुटबॉलचा हंगाम आणि कापसाच्या वेचणीचा हंगाम एकच. ज्या दिवसांत शेताला घरातले सगळे हात लागतात, त्याच दिवसांत आम्हाला परसूचे पाय लागत होते.

म्हणून सर आणि मी तांड्यावर गेलो. मी कशाला गेलो, हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. परसूचा बाप, धनूबापू, शेतातच भेटला. कमरेला कापसाने फुगलेली ओटी बांधलेली, म्हणजे वेचलेला कापूस टाकायचं फडकं. बोलताना त्याचे हात थांबले नाहीत. बोंडाला बोटं लागायची आणि कापूस ओटीत. दोन्ही हात दोन झाडांवर.

"खेळून काय भेटते?" त्याने विचारलं.

सरांनी नीट सांगितलं. विद्यापीठाच्या संघात नाव लागलं, तर परसूला होस्टेल मिळेल, पुढचं शिक्षण होईल, नोकरीत खेळाडूंसाठी जागा असतात.

"अन् नाव नाही लागलं तं?"

सर गप्प झाले. शहाणी माणसं अशा ठिकाणी गप्प होतात. मी म्हणालो, "लागतेच, बापू. मी सांगतो नं."

धनूबापूने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू कोन रे?"

"गोलकीपर."

"मंजे काय करतं?"

"गोलात उभा राह्यतो."

"उभं राह्याले कॉलेज लागते काय?" तो म्हणाला, आणि आजूबाजूच्या ओळींमध्ये वेचणाऱ्या सगळ्या बाया हसल्या. परसू तेवढा हसला नाही. तो बापाच्या हातांकडे बघत उभा होता.

बापूने अखेर मुदत दिली. संक्रांतीपर्यंत खेळ. नाव लागलं तर जा, मी आडवा येत नाही. नाही लागलं तर कॉलेज बंद, घरी. आणि एक अट. "पाय मोडून आणला तं खेळ बी गेला अन् वेचनी बी गेली. मंग मी याले काय करू?"

परतताना सर मला म्हणाले, "मुकुंदा, तू बोलला नसता तरी चाललं असतं." पुढे नोकरीत मला हे वाक्य अनेक मुख्याध्यापकांनी ऐकवलं, पण पहिला मान गावंडे सरांचा.

*

पाय मोडू नये, ही जबाबदारी मी मनातल्या मनात स्वतःकडे घेतली. कोणी दिली नव्हती. मुरमावर परसू रोज पडायचा. गुडघे, कोपर सोललेले. बोलून बसलो होतो, आता काही तरी करायला हवं होतं.

कॉलेजच्या लायब्ररीत कुणीतरी दान दिलेल्या जुन्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा होता. त्याला वाळवीशिवाय कोणी हात लावत नसे. मी लावायचो, कारण समोरच्या टेबलावर मुली बसत आणि हातात इंग्रजी मासिक बरं दिसे. त्यात मला एक लेख सापडला. एका अमेरिकन कॉलेजात, त्यांच्या फुटबॉलच्या अगदी सुरुवातीच्या काळात खेळलेल्या एका खेळाडूचं चरित्र. साडेतीन पानं आणि एक फोटो.

तो फोटो मला अजून दिसतो. मधोमध भांग पाडलेला पोरगा. डोक्यावर कान झाकणारी चामड्याची टोपी. खांद्यांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर जाड गाद्या शिवलेल्या. काखेत पपईसारखा लांबट चेंडू. आणि चेहरा असा, की याला धक्का मारायचा तर आधी अर्ज करावा लागेल.

मी मासिक घेऊन सरांकडे धावलो.

"मुकुंदा, तो त्यांचा वेगळा खेळ आहे," सर म्हणाले. "हातात घेऊन पळतात, एकमेकांच्या अंगावर पडतात."

"सर, आपणही एकमेकांच्या अंगावर पडतोच की."

"ते आपल्याला खेळता येत नाही म्हणून."

पण सरांनाही धनूबापूची अट आठवत होती. ते म्हणाले, बघ बाबा. हे दोन शब्द मी परवानगी म्हणून घेतले.

दुसऱ्या दिवशी मैदानाकडेच्या कडुनिंबाखाली मी संघाला ते चरित्र मराठीतून सांगितलं. बाप शेतकरी. मक्याचं शेत. पोरगा लांबून कॉलेजात आला, अंगावर धड कपडा नव्हता, पण धावायला लागला की कुणाच्या हाती लागत नव्हता. परसू इतका लक्ष देऊन ऐकत होता, की मलाच संकोच वाटला. माझं असं कोणी कधी ऐकलं नव्हतं, नंतर तीस वर्षांच्या नोकरीत वर्गातही नाही.

"मंग पुढं काय झालं त्याचं?" परसूने विचारलं.

आता कबूल करतो. मी दोनच पानं वाचली होती. तिसऱ्या पानावर इंग्रजी अवघड होत गेलं होतं आणि समोरच्या टेबलावरच्या मुली उठून गेल्या होत्या.

"पुढं? मोठा साहेब झाला," मी म्हणालो. "बंगला, घोडे."

"कायचा साहेब?"

"खेळाचाच."

परसूने मान हलवली. पुढे दर चार-आठ दिवसांनी तो विषय काढायचा आणि मी दर वेळी त्या अमेरिकनाला एखादा घोडा वाढवून द्यायचो. डिसेंबरपर्यंत त्याचा तबेला भरला होता.

*

सलीमचे वडील हबीबचाचा. तेव्हा यंत्र नव्हतं. खांद्यावर पिंजण घेऊन ते गल्लोगल्ली फिरायचे. पिंजण म्हणजे माणसाहून लांब धनुष्य, त्याला तात, म्हणजे ताणलेली दोरी, आणि तातीवर लाकडी मुठळ्याचा ठोका. टुंग्‌, टुंग्‌, टुंग्‌. त्या आवाजाबरोबर कापूस हवेत उसळायचा आणि ढगासारखा खाली यायचा. आमच्या गावाला थंडी त्या आवाजाने कळायची, अंगावरच्या काट्याने नंतर.

प्रत्येक खेळाडूने घरून थोडा थोडा कापूस आणायचा, असं मी ठरवलं. तो गोणीत भरून मी चाचांकडे गेलो. त्यांनी मूठभर हातात घेतला, चिमटीत दाबला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबू, ये तो खेत का माल है. इसमें सरकी है."

"मग?"

"मग क्या? ये पहन के पसीना आया तो पीठ पे पराटी उगेगी तुम्हारे."

पराटी म्हणजे पऱ्हाटी, कापसाचं झाड; ते मी रस्त्यावरूनच पाहिलं होतं. कापूस जिनात नेऊन सरकी, म्हणजे आतलं बी, काढून आणावा लागतो, रुई झाल्यावरच गादीत भरतात, हे कापसाच्या जिल्ह्यात जन्मून मला माहीत नव्हतं. आमचं घर गावातलं, वडील पोस्टात. मला कापूस ठाऊक होता तो फक्त कानात घालायचा.

रुई करून आणली. सगळ्यांची मापं घ्यायला चाचा स्वतः मैदानावर आले. टेप नव्हता त्यांच्याकडे. सुताच्या दोऱ्याला गाठी मारून माप घ्यायचे. एकेकाच्या खांद्याला दोरा लावायचा, गाठ, पुढे चला. पोरं खिदळत होती, गुदगुल्या होतात म्हणत होती. परसूची पाळी आली तेव्हा तो दोन्ही हात बाजूला धरून खांबासारखा उभा राहिला. श्वासही घेत नव्हता. चाचांनी दोरा लावला, त्याच्या खांद्यांकडे पाहिलं, दोरा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून माप घेतलं.

"इसका कंधा अलग है," ते म्हणाले. "इसका नाप अलग."

मी म्हणालो, "चाचा, घाई करा नं."

जाता जाता ते मला म्हणाले, "एक बात याद रखना बाबू. रुई पानी पीती है. भीगना मत."

"चाचा, हिवाळ्यात कुठला पाऊस?"

त्यांनी पिंजण खांद्यावर टाकलं. ज्याला समजत नाही त्याला दोनदा सांगायचं नाही, असा त्यांचा नियम असावा.

चिलखतं आली. निळ्या कापडाची. छातीला, पाठीला, खांद्यांना, गुडघ्यांना. ती घालून आम्ही पहिल्यांदा मैदानात उतरलो तेव्हा शेळ्या वाट बदलून गेल्या. रस्त्यावरून सायकलवाले थांबून बघायचे. "काय हो, लग्नाचा मंडप कुठी हाये?" एकाने विचारलं. पण खरं सांगतो, पडलं की लागायचं नाही. परसूच्या गुडघ्यांवरच्या जखमा भरून आल्या. चाचांनी त्याचं इतकं बेतशीर शिवलं होतं, की तो त्यातही वळायचा. महिनाभर मी स्वतःला शास्त्रज्ञ समजत होतो.

*

सामना यवतमाळला होता. त्यातूनच विद्यापीठाच्या संघासाठी नावं निवडणार होते. निवड करणारे तिघं खुर्च्या टाकून बसले होते. परसूचा बाप आला नव्हता. परसू सकाळी निघताना त्याने एवढंच विचारलं होतं, की परत कधी येणार.

सकाळची थंडी, कोवळं ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही. आणि मैदानावर एक टँकर उभा. पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून यजमानांनी अख्ख्या मैदानावर पाणी मारलं होतं. मुरूम नव्हता तिथे, काळी माती होती. ती पिऊन पिऊन तृप्त झाली होती आणि उरलेलं पाणी वर चमकत होतं.

मला हबीबचाचा आठवले. आठवले आणि मी त्यांना मनातून घालवून दिलं.

पहिली दहा मिनिटं आमची होती. परसूने दोघांना रोह्यासारखं चुकवलं आणि गोल केला. खुर्चीवरच्या तिघांपैकी एकाने काहीतरी लिहिलं. मग पोरं पडायला लागली. पडलं की उठताना अंगाला ओल. पुन्हा पडलं की पुन्हा ओल. कापूस गुपचूप पीत होता. अर्ध्या तासात आमचा संघ चालत होता, आणि तेही लुगडी नेसून नदीतून बाहेर येणाऱ्या बायांसारखा.

सगळ्यात जास्त मी पडलो होतो. चेंडू गेल्यावर पडायची माझी पद्धत होती. एकदा पडलो तो मला उठताच येईना. पाठीवर पसरलेला, हातपाय वर. प्रतिस्पर्ध्यांचा खेळाडू आला, थांबला, मला बघून हसला आणि माझ्या शेजारून चेंडू सावकाश आत ढकलला.

"अरे त्या गादीले कोनी उचला रे!" प्रेक्षकांतून कोणी ओरडलं. मग सगळेच. "गादीवाले! ओ गादीवाले! उशी बी आनली काय?"

मध्यंतरात परसू माझ्याकडे आला. त्याने खांद्यावरचं चिलखत मुठीत दाबलं, तर पाणी धारेने पडलं.

"मुकुंद्या, काढू काय बे हे?"

माझं उत्तर मला शब्दन्‌ शब्द आठवतं. "राहू दे," मी म्हणालो. "पडला अन् पाय मोडला तं तुह्या बापाले मी काय सांगू?"

ऐकायला बरं वाटतं. पण खरं कारण दुसरं होतं. सामन्यानंतर संघाचा फोटो होणार होता. फोटोग्राफर मीच ठरवला होता. त्या अमेरिकनासारखे आम्ही अकरा जण ओळीत, निळ्या चिलखतांत, आणि मधोमध चेंडू काखेत घेऊन मी. त्यात एक जण नुसत्या बनियनवर उभा राहिला असता तर माझा फोटो बिघडला असता.

परसूने माझ्याकडे पाहिलं, चिलखत दोन्ही हातांनी खाली ओढून नीट केलं आणि आत गेला.

शेवटची पाच मिनिटं उरली होती. बरोबरी होती. परसूला मोकळा चेंडू मिळाला. समोर फक्त त्यांचा गोलकीपर. तीस पावलं. आर्णीच्या मैदानावर ती तीस पावलं आम्ही "परसू" म्हणेपर्यंत संपायची. मी माझ्या गोलातून बघत होतो. त्याचे पाय तेच होते, पण वर जणू दुसऱ्या कुणाला खांद्यावर बसवलं होतं. विसाव्या पावलाला मागून एक जण आला आणि त्याने चेंडू काढून घेतला. मग ते आमच्याकडे आले. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे. पुढचं सांगत नाही.

दुपारी नावं वाचली. परसराम राठोड हे नाव त्यात नव्हतं. वाचणाऱ्याने कागद उलटून पाठीमागे बघितला, तेव्हा क्षणभर वाटलं असेल मागे. मागे कोरं होतं.

फोटो झाला नाही. फोटोग्राफर चहा पिऊन निघून गेला होता.

परतीच्या एस.टी.त कंडक्टरने ती ओली चिलखतं आत घेऊ दिली नाहीत, टपावर टाकली. परसूने मात्र आपलं दिलं नाही. पायात धरून बसला. तांड्याच्या फाट्यावर तो उतरला. ऊन अजून होतं. ते निळं ओझं खांद्यावर टाकून धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, चालत गेला. त्या दिवशी त्याला मी पहिल्यांदा चालताना पाहिलं.

संक्रांतीनंतर तो कॉलेजात आला नाही.

*

मासिक परत करायचं राहिलं होतं. फेब्रुवारीत लायब्ररीत ते देताना मी उरलेलं दीड पान उभ्याउभ्या वाचलं.

तो अमेरिकन कॉलेजच्या संघात एकच हंगाम खेळला होता. मग मक्याच्या कापणीच्या दिवसांत त्याचा बाप आजारी पडला आणि तो घरी गेला. परत आला नाही. सगळं आयुष्य त्याच शेतात काढलं. रविवारी पीक निघालेल्या शेतात आसपासच्या पोरांना जमवून खेळ शिकवायचा. साहेब, बंगला काही नाही. घोडे होते, पण नांगराचे.

मी मासिक टेबलावर ठेवलं आणि घरी येऊन माझं चिलखत आईला दिलं. म्हटलं, गादीत घाल. तेव्हापासून मी त्यावर झोपत होतो. या सगळ्या वर्षांत परसू मला बाजारात भेटत राहिला. राम राम व्हायचा, पाऊसपाण्याचं बोलणं व्हायचं, त्याने पुढे ट्रॅक्टर घेतला, मुलींची लग्नं केली, सगळ्यांना मी गेलो, पंगतीत बसलो. तो सामना कधी निघाला नाही. त्याने काढला नाही म्हणून मीही काढला नाही, असं मी म्हणायचो. खरं तर मी काढत नाही म्हणून तो काढत नसेल, हे मला कळत होतं.

आपण एखाद्याचं आयुष्य बिघडवलं, ही समजूत फार वर्षं बाळगली की तिचीही गादीसारखी सवय होते. खड्डा आपल्या मापाचा पडतो.

सलीमकडून ते चिलखत घेतलं, स्कूटरच्या डिकीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्याकडे निघालो.

*

पऱ्हाटी पांढरी झाली होती. पहिल्या वेचणीचा दिवस होता. परसूची बायको सोनाबाई एका झाडाखाली सीतादही मांडत होती. पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे हे करतात. झाडाखाली दहीभात ठेवायचा, नारळ फोडायचा, मगच बोंडाला हात लावायचा. परसूने नारळ फोडला, मला खोबरं दिलं.

"मास्तर, इतक्या सकाळी? शाळा तं सुटली नं तुही?"

मी डिकीतून ते काढलं आणि त्याच्या हातात दिलं. मग एका दमात सगळं सांगितलं. चाचांनी दिलेली ताकीद टँकर बघितल्यावर मला आठवली होती, ते. मध्यंतरात काढू नको म्हणालो त्याचं खरं कारण. फोटो. आणि तो अमेरिकन साहेब झाला नाही, हेही.

परसू ऐकत ऐकत चिलखताचे बंद उकलत होता.

"मंजे तो बी घरीच गेलता?"

"हो. मक्याच्या कापणीला."

"अन् घोडे?"

"नांगराचे."

तो मोठ्याने हसला. "सोना, आयकलं काय? तो अमेरिकेवाला! घोडे नांगराचे होते म्हने."

सोनाबाईला अमेरिकेवाला माहीत होता. म्हणजे घरात सांगून झाला होता. तबेल्यासकट.

"परसू, मी नाही म्हणालो नसतो तर तू ते काढलं असतं," मी म्हणालो. "काढलं असतं तर तो गोल झाला असता."

"झाला असता," तो म्हणाला. लगेच म्हणाला. मला वाटलं होतं, तो म्हणेल, सोड रे आता. नाही म्हणाला. "लय जड झालतं ते. पाय पुढं जाये अन् आंग मांगं राहे. कधी कधी अजून सपनात पयतो मी, तवा बी पोचत नाही."

पऱ्हाटीवरून वारा गेला.

"पन तू नाही म्हनला म्हनून नाही ठेवलं मी," परसू म्हणाला. "तुह्यं कोन आयकत होतं बे तवा?"

"मग काढलं काहून नाही?"

त्याने चिलखत उलटं केलं. आतल्या बाजूच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, जशी सरकी चाचपतात तसा.

"आमी चौघं भाऊ. मी लहाना. सदरा पह्यले मोठ्याचा, मंग मधल्याचा, मंग त्याच्या खालच्याचा, मंग माह्या. फाटला असे, नाही तं ढिला असे. कॉलेजात गेलतो तो पँट बी काकाचा." तो थांबला. "हबीबचाचानं दोनदा माप घेतलं माह्यं. आठवते? याचं माप अलग म्हने. माह्या मापाचं शिवलेलं ते पह्यलं कापड होतं, मुकुंद्या. ते मी पान्यासाठी काढू काय?"

मग म्हणाला, "तुह्या फोटोचं तं मले आज मालूम पडलं."

इतकी वर्षं त्या पराभवाचा मानकरी म्हणून मी स्वतःला मिरवत आलो होतो. आता ती खुर्चीही गेली. सामन्यात उभा राहिलो होतो तसाच मी तिथे उभा राहिलो. चेंडू कुठून गेला ते न कळता.

"तुझं कुठे आहे?" मी विचारलं.

"बैल होते तवा जुवाखाली लावत होतो, खांदे सोलू नाही म्हनून. मंग फाटलं." त्याने माझं चिलखत घडी करून धुऱ्यावर ठेवलं. "हे राहू दे इथी. ट्रॅक्टरची सीट टोचते."

सोनाबाईने एक फडकं आणून माझ्यापुढे धरलं. "आलेच हा तं वेचू लागा, मास्तर. दहीभात फुकट नाही खाऊ देत आमी." तिने ओटी माझ्या कमरेला लावून पाहिली, तर दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचेनात. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"थांब," परसू म्हणाला. "याचं माप अलग हाये."

त्याने जुन्या धोतराचा पट्टा फाडला. माझ्याभोवती एकदा फिरवला, बघितलं, सोडला, आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवला. मी दोन्ही हात बाजूला धरून उभा होतो. पोट आत घेतलेलं. श्वास घेत नव्हतो.

त्याने गाठ मारली, ओढून पाहिली.

"जाय आता. पन खाली पडू नको, दव हाये अजून," तो म्हणाला. "वला कापूस लय जड होते."